नाव, पत्ता आणि स्विच

चाकण परिसरात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवागेनचा २००९ मध्ये सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक लहान उद्योग महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारात आहेत. अशा एखाद्या उद्योगात पुढील प्रसंग सहज उद्भवतो. यंत्र बसवून देणारा अभियंता निघून गेलेला असतो, कागदपत्रे सापडत नाहीत, आणि ज्या पीएलसीची आज्ञावली तपासावयाची आहे त्याचा आयपी पत्ता कोणालाच ठाऊक नसतो. त्याची केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात गेली आहे, एवढे मात्र दिसते. अशा वेळी एकेक केबल काढून पाहण्याचा मोह होतो. परंतु चुकीची केबल निघाल्यास चालू असलेले दुसरे यंत्रही थांबते.

स्विचलाच हा पत्ता विचारावा, असे प्रथम वाटते. पण साधा स्विच आयपी पत्ता जाणतच नाही. तो ओळखतो तो मॅक पत्ता. येथे 'पत्ता' या शब्दाने थोडा घोटाळा होतो. मॅक हा ४८ बिटांचा अंक सामान्यतः कारखान्यातच उपकरणाला मिळतो, आणि उपकरण कोठेही नेले तरी तो त्याच्याबरोबर जातो. त्याचा पहिला अर्धा भाग निर्मात्याचा निदर्शक असतो. म्हणजे अर्थदृष्ट्या तो पत्ता नसून आडनावासह लिहिलेले नाव होय. आयपी मात्र खरोखरच पत्ता आहे. नेटवर्क बदलले की तो बदलतो. तेव्हा प्रश्न असा मांडावयास हवा : या पोर्टामागील उपकरणाचे नाव काय, आणि त्या नावाचा सध्याचा पत्ता कोणता?

या दोन प्रश्नांची उत्तरे दोन निरनिराळ्या ठिकाणी मिळतात. पोर्ट आणि मॅक यांची सूची स्विचमध्ये असते; सिस्कोच्या स्विचवर ती 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' या आज्ञेने दिसते. मॅक आणि आयपी यांची सूची राउटरमध्ये असते. ती 'शो आयपी एआरपी' या आज्ञेने मिळते. एआरपी ही रीत डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये मांडली. 'अमुक पत्ता कोणाचा?' असे सर्वांना विचारावयाचे, आणि ज्याचा तो असेल त्याने आपला मॅक कळवावयाचा, असे तिचे स्वरूप आहे. दोन्ही सूच्यांत मॅक समान असल्यामुळे त्याच्या आधारे पोर्ट आणि आयपी यांची सांगड घालता येते. सातबाऱ्याचा उतारा हा असाच सिद्ध होतो. नमुना ७ मध्ये हक्क, नमुना १२ मध्ये पिके, आणि दोहोंस जोडणारा गट क्रमांक. तेथे जे स्थान गट क्रमांकाचे, ते येथे मॅकचे.

मात्र या नोंदी कायमच्या नसतात. उपकरण गप्प राहिले, तर स्विच त्याची नोंद सामान्यतः ३०० सेकंदांनी पुसतो. सिस्कोच्या राउटरवरील एआरपीची नोंद मात्र मुळात ४ तास टिकते. म्हणून एका सूचीत असलेले उपकरण दुसरीत न आढळणे शक्य असते. यावर उपाय असा की, त्याच सबनेटमधील संगणकावरून सर्व पत्त्यांना क्रमाने पिंग करावे व लगेच स्विचची सूची आणि त्या संगणकाचीच एआरपी सूची पाहावी. पिंगला उत्तर न देणारे उपकरणही एआरपीच्या प्रश्नाला बहुधा उत्तर देते, आणि तेवढ्याने नोंद होते.

तरीही काही अडचणी उरतात. एका पोर्टावर अनेक मॅक दिसल्यास त्यामागे बहुधा दुसरा स्विच असतो. मग तेथे जाऊन हाच शोध पुन्हा करावा लागतो. डीएचसीपीची यादी उपयोगी पडते, पण यंत्रांना पत्ते पुष्कळदा हाताने दिलेले असल्यामुळे ती अपुरी ठरते. उपकरणाचा पत्ता भलत्याच सबनेटमधील असेल, तर आपण विचारलेल्या पत्त्यांत तो नसतोच. प्रोफिनेट जातीच्या उपकरणांबाबत डीसीपी ही रीत येथे साहाय्यक होते, कारण तिला आयपी पत्त्याची गरज लागत नाही. अन्य उपकरणांच्या बाबतीत त्या पोर्टाची वाहतूक दुसऱ्या पोर्टावर उतरवून वाचावी लागते.

या सर्व रीती उपकरण चालू असेपर्यंतच उपयोगी आहेत, कारण बंद यंत्र कोणत्याच प्रश्नाला उत्तर देत नाही. म्हणून पोर्ट, मॅक, आयपी आणि तारीख अशी चार रकान्यांची वही यंत्रे चालू असतानाच तयार करावी. फेरफार नोंदविला नाही, तर सातबाऱ्यावर मृत खातेदाराचेच नाव राहते. तद्वतच यंत्र बदलूनही वहीत बदल न केल्यास ती वही पुढच्या अभियंत्याला चुकीच्या केबलीकडे नेईल.