आपाचे तिसरे ऑपरेशन

हा लेख लिहू का, असे आम्ही आपाला विचारले तेव्हा ती आधी नाही म्हणाली. चार दिवसांनी तिचाच फोन आला. "लिहा. माझं नाव नको, दवाखान्याचंही नको. पण त्या कार्डाचं नक्की लिहा." म्हणून आम्ही दोघी धाकट्या बहिणी मिळून हे लिहीत आहोत. विषय छातीचा आहे. आपल्याकडे आई मुलीशीही यावर धड बोलत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. न बोलण्यामुळेच आपाची पंधरा वर्षे गेली.

निकाहनंतर आपा शारजाला गेली. तीन मुले झाली. तिघांनाही तिने अंगावर भरपूर पाजले. धाकटीचे दूध तुटल्यावर आरशात पाहायला नको वाटायचे, असे ती सांगते. दुल्हेभाई कधी चकार शब्द बोलले नाहीत. पण बिल्डिंगमधल्या बायकांच्या गप्पा होत्या, पार्लरमधली पत्रके होती. २००८ साली तिथल्या एका खासगी क्लिनिकमध्ये तिने दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले. सवलत चालू होती. अम्मीला 'गर्भाशयाचं छोटं ऑपरेशन' असे कळवले गेले. अम्मीने इकडून डिंकाचे लाडू पाठवले. आपाने ते रडत खाल्ले, हे आम्हाला आत्ता कळले.

घरी येताना तिला एक छोटे कार्ड दिले होते. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, माप किती, क्रमांक काय, हे सगळे त्यावर असते. आपाने ते पर्समध्ये ठेवले आणि घर बदलताना ते हरवले.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या पापुद्र्याची पिशवी, आत सिलिकॉनचाच जेल. अशी पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहरात एका बाईच्या छातीत बसवली गेली. ती सहा मुलांची आई होती आणि दवाखान्यात गेली होती ती गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी नव्या ऑपरेशनबद्दल विचारले तेव्हा तिला खरे तर आपले बाहेर आलेले कान नीट करून हवे होते. दोन्ही कामे झाली. पुढे लाखो बायकांनी जे करून घेतले, त्याची सुरुवात ही अशी.

शरीराला परकी वस्तू मिळाली की ते तिच्याभोवती स्वतःचे एक आवरण तयार करते. हे सगळ्यांच्याच अंगात होते, आणि बहुतेकींमध्ये ते पातळ, मऊ राहते. काहींमध्ये मात्र ते आवळत जाते. मूठ घट्ट मिटावी तसे ते इम्प्लांटला दाबते, छाती टणक होते, आकार बिघडतो, शेवटी दुखू लागते. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत काहीच जाणवत नाही. चौथीत हात लावला तरी कळ येते. आपाची उजवी बाजू तीन वर्षांत तिसरीपर्यंत गेली.

त्यातच २०११ चा डिसेंबर आला. फ्रान्समधली पीआयपी नावाची कंपनी इम्प्लांटमध्ये वैद्यकीय सिलिकॉनऐवजी कारखान्यांत वापरायचे स्वस्त सिलिकॉन भरत होती. हे २०१० च्या मार्चमध्येच उघड झाले होते आणि विक्री थांबवली गेली होती. आता फ्रान्स सरकारने आपल्या देशातल्या सुमारे ३०,००० बायकांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला आणि काढण्याचा खर्च सरकारवर घेतला. तोवर हा माल कितीतरी देशांत गेला होता आणि जगभरात तीन लाखांहून जास्त बायकांच्या अंगात होता. मालक झाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची कैद झाली. शारजात बसून आपाने ही बातमी वाचली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या अंगात कोणत्या कंपनीचे आहे? कार्ड नाही. क्लिनिकला फोन लावला, तर ते बंद झालेले.

२०१३ मध्ये ती दुसऱ्या क्लिनिकमध्ये गेली. पैसे एकाच बाजूचे होते, म्हणून फक्त उजवी बाजू उघडली आणि नवे इम्प्लांट बसवले. डावे 'ठीक वाटतंय' म्हणून तसेच राहिले. पण डाव्याचे माप कुणालाच माहीत नव्हते. डॉक्टरांनी अंदाजाने माप घेतले. उजवी बाजू मोठी आणि वर झाली, डावी लहान आणि खाली. पहिल्या ऑपरेशनने जी लाज घालवायची होती, ती दुसऱ्याने दुप्पट केली. त्यानंतर दहा वर्षे आपाने सैल कुर्त्याखेरीज काही घातले नाही. मुंब्र्याला परत आल्यावर आम्ही तिला यावरून चिडवायचो. ते आठवले की आम्हाला अजून कसेतरी होते.

२०२३ च्या रमजानात एका सहरीला तिला डाव्या काखेत गाठ लागली. तेव्हा कुठे तिने आम्हाला बोलावून सगळे सांगितले.

सोनोग्राफीला गेलो तर त्या सेंटरवर बाई तंत्रज्ञ नव्हती. आपा उठून बाहेर आली, आणि पुढची वेळ मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. बाईकडून तपासून घेण्याचा आग्रह आम्हाला मान्यच आहे. पण त्यासाठी आधी फोन करून विचारायचे असते, काखेत गाठ असताना तीन आठवडे घालवायचे नसतात. ही चूक आमच्या तिघींची.

गाठीतून सुईने नमुना घेतला. रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस कसे गेले ते लिहीत नाही. कर्करोग नव्हता. गाठीत सिलिकॉन होते. डावे इम्प्लांट केव्हाच फुटले होते आणि त्यातला जेल झिरपत काखेपर्यंत आला होता. असे फुटणे बहुतेक वेळा कळतच नाही. दुखत नाही, आकारही बदलत नाही. ते एमआरआयमध्ये चांगले दिसते. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवले. फाटलेला पापुद्रा जेलमध्ये वळ्यावळ्यांनी तरंगत होता. "पुस्तकात याला इटलीतल्या शेवयांचं नाव आहे," त्या म्हणाल्या. आपा पटकन म्हणाली, "म्हणजे शीरखुर्माच." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा हसलो.

या बाई प्लास्टिक सर्जरीत एमसीएच झालेल्या आहेत. ही पदवी किंवा डीएनबी आहे का, हे भगिनींनी जरूर विचारावे. दारावरच्या पाटीवर 'कॉस्मेटिक' लिहिले म्हणजे झाले असे नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली, जी आपाला दोन ऑपरेशनांत कुणी सांगितली नव्हती. इम्प्लांट जन्मभराचे नसते. अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच सांगितले होते की केवळ आकारासाठी इम्प्लांट घेणाऱ्या पाचांतल्या एका बाईला ते दहा वर्षांत काढावे लागू शकते. कर्करोगानंतर छाती पुन्हा उभारून घेणाऱ्यांत तर दोघींतल्या एकीला. २०२१ पासून तिथे हा इशारा चौकटीत छापावा लागतो. इम्प्लांट शाबूत आहे ना हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी पहिली तपासणी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एक, असाही त्यांचा सल्ला आहे. आपाने पंधरा वर्षांत एकही केली नव्हती.

उजव्या बाजूची वेगळीच काळजी होती. २०१३ ची फाइल आपाकडे होती, त्यावरून ते खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट असल्याचे कळले. अशा इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा होतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा असतो. त्याच कारणाने २०१९ च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीचा खरखरीत माल जगभरातून परत मागवला गेला. ऑपरेशननंतर काही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली, पाणी साचले, तर लगेच दाखवायचे असते. वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि आवरण पूर्ण काढून बहुतेकींना बरे वाटते. तक्रार नसताना केवळ भीतीपोटी ते काढावे असे कुणी सांगत नाही. आपाला सूज नव्हती, पण उजवी बाजू आता चौथ्या पायरीवर होती. कुशीवर झोपताही येत नव्हते.

आता प्रश्न होता तो काढून नवे बसवायचे की नुसतेच काढायचे. आम्हाला वाटले होते, यात विचार करण्यासारखे काय आहे? काढा आणि सुटा. पण आपा दोन दिवस गप्प होती. नुसते काढले की ताणलेली कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते, आवरण सोलताना स्वतःचेही थोडे जाते, आणि ज्या आरशापासून पळून ती २००८ मध्ये निघाली होती त्याहून वाईट रूप समोर येऊ शकते. बाईंनी हे लपवले नाही. त्यांनी मधला मार्ग सुचवला. दोन्ही इम्प्लांट आवरणासकट काढायची, त्याच वेळी जादा कातडी कमी करून उरलेला भाग वर उचलून बांधायचा. पुढे हवेच असेल तर सहा महिन्यांनी पोटाची चरबी भरता येते. आकार लहान होईल, व्रण राहतील, दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या होतीलच असे नाही.

आपाच्या मनात आणखी एक काटा होता. पहिले ऑपरेशन निव्वळ सौंदर्यासाठी होते. ते बहुतेक उलमा नाजायज मानतात. मग हे तिसरेही त्यातच मोडते का? आमचे मामू मदरशात शिकवतात. तिने पडद्याआडून त्यांना विचारले. मामूंनी हजरत अरफजा (रजि.) यांची गोष्ट सांगितली. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, पण ते सडून त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषांना एरवी सोने वर्ज्य आहे, हे आपण जाणतोच. "बेटी, त्रास दूर करणं हा इलाज आहे," मामू म्हणाले. "पहिल्याची तौबा तू आणि अल्लाह. त्याच्यासाठी दुसऱ्यांदा स्वतःला शिक्षा देऊ नकोस." आधीचे काय नि कसे, हे त्यांनी विचारलेही नाही.

बकरी ईदनंतर ऑपरेशन झाले. सव्वातीन तास लागले. दुल्हेभाई बाहेरच्या बाकावर बसून होते. मध्येच म्हणाले, "मी तेव्हा काहीच बोललो नाही. 'तू आहेस तशीच चांगली आहेस' एवढं तरी बोलायला हवं होतं." आम्ही काही उत्तर दिले नाही.

डावे इम्प्लांट बाहेर आले तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला कंपनीचा ठसा वाचता येत होता. पीआयपीचे नव्हते. बारा वर्षे आपा ज्या नावाला घाबरून जगली ते तिच्या अंगात कधी नव्हतेच. ते नुसते जुने होऊन फाटले होते. एका कार्डाने हे त्याच दिवशी कळले असते. काखेतली गाठ बाईंनी तशीच ठेवली. त्रास देत नसेल तर ती काढत नाहीत. दोन्ही आवरणे तपासणीला गेली आणि निर्दोष निघाली.

दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, त्या चौथ्या दिवशी निघाल्या. सहा आठवडे घट्ट सर्जिकल ब्रा, कळशी उचलणे बंद, पीठ मळणे बंद. सजद्यात हातांवर भार येतो म्हणून नमाज खुर्चीवर बसून इशाऱ्याने. पट्टी होती तोवर वुजूचे आणि गुस्लचे कसे करायचे, हे मामूंनी फोनवर समजावले. व्रण अजून लालसर आहेत. डावी बाजू थोडी लहान आहे. "चालेल," आपा म्हणते.

विम्याचे मात्र अडले आहे. आरोग्य विम्यात रूप बदलण्याच्या ऑपरेशनचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची उभारणी, किंवा प्रकृतीला थेट धोका असेल तर तो दूर करण्यासाठीचा आवश्यक इलाज, एवढेच अपवाद असतात. आपाचा दावा 'कॉस्मेटिक' म्हणून एकदा परत आला. डॉक्टरबाईंनी एमआरआय, सुईच्या नमुन्याचा रिपोर्ट आणि स्वतःचे पत्र जोडून तो पुन्हा पाठवला आहे. ज्या भगिनींना असे काही करावे लागेल त्यांनी भरती होण्याआधीच पूर्वमंजुरीसाठी हे कागद द्यावेत. आम्ही नंतर दिले. आणि मॅमोग्राफीला जाल तेव्हा इम्प्लांट आहे हे आधी सांगा. त्यासाठी छायाचित्रे वेगळ्या रीतीने घ्यावी लागतात. शरमेने गप्प राहिलात तर इम्प्लांटमागचे काही दिसायचे नाही.

काढलेल्या इम्प्लांटचे फोटो, ठशाचे क्रमांक, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ऑपरेशनच्या नोंदी आपाने एका प्लास्टिकच्या पाकिटात घातल्या. एक प्रत आमच्याकडे दिली. दुसरी पासपोर्ट आणि निकाहनामा असतो त्या पेटीत ठेवली. थोरली मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. पेटी बंद करण्याआधी आपाने तिला जवळ बसवून ते पाकीट उघडून दाखवले.