फाइल पुसली, जागा सुटली नाही

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची डिस्क भरली, की पहिली कुऱ्हाड पडते ती लॉग फायलींवर. ३० जीबीची एक जुनी लॉग फाइल उडवली. यादीतून नाव गेलं. तरीही ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्क शंभर टक्के भरल्याचंच सांगते. मग ‘डीयू’ या दुसऱ्या आज्ञेला विचारावं, तर तिच्या बेरजेत ते ३० जीबी कुठेच नसतात. दोघींपैकी एक नक्की चुकते आहे, असं वाटणं साहजिक आहे. पण दोन्ही आज्ञा बरोबर असतात, आणि त्यांच्या उत्तरांत फरक का पडतो हे कळलं की फाइल म्हणजे नेमकं काय, हेही कळतं.

या दोन्ही आज्ञा युनिक्सइतक्याच जुन्या आहेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स घडवलं. नोव्हेंबर १९७१च्या त्याच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत दोन्हींची नोंद आहे. तेव्हाच्या पीडीपी-११ संगणकाची मेमरी होती २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइटची. आजच्या फोनमधला एक फोटोही तीत मावला नसता. इतक्या टंचाईत ‘किती उरलं?’ आणि ‘कुणी खाल्लं?’ हे दोन प्रश्न रोजचेच होते. त्यासाठी दोन वेगळ्या आज्ञा ठेवणं मला फार शहाणपणाचं वाटतं, कारण दोन्हींचा शोध घेण्याचा मार्गच वेगळा आहे.

डिस्कवरची फाइल-व्यवस्था एकूण ब्लॉक (म्हणजे जागेचे तुकडे) किती आणि मोकळे किती याचा हिशेब सतत लिहून ठेवते. ‘डीएफ’ तेवढाच हिशेब वाचते, म्हणून डिस्क कितीही मोठी असली तरी उत्तर क्षणात येतं. ‘डीयू’ मात्र एकेका फोल्डरमध्ये शिरते, प्रत्येक फाइलला ‘तुझे ब्लॉक किती?’ असं विचारते आणि बेरीज करत जाते. लाखो फायली असतील तर यात बराच वेळ जातो. तलाठ्याच्या दप्तरातला आकडा वाचणं आणि साखळी घेऊन बांधाबांधानं शेत मोजणं, इतका हा फरक आहे.

आता ते हरवलेले ३० जीबी. युनिक्सच्या घराण्यात फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये, आणि ते एका क्रमांकाकडे बोट दाखवतं. त्या क्रमांकाच्या नोंदीला आयनोड म्हणतात. मालक कोण, लांबी किती, मजकूर कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. आपण फाइल पुसतो तेव्हा खरं तर फक्त नाव काढून टाकतो. ब्लॉक सुटायला दोन अटी आहेत: आयनोडकडे बोट दाखवणारं एकही नाव उरता कामा नये, आणि एकाही प्रोग्रॅमनं ती फाइल उघडी ठेवलेली असता कामा नये. आपला वेबसर्व्हर त्या बिननावाच्या लॉगमध्ये अजून लिहितोच आहे. नाव नसल्यामुळे ‘डीयू’ला ती फाइल सापडत नाही. ब्लॉक सुटले नसल्यामुळे ‘डीएफ’ त्यांना भरलेलेच धरते. उघड्या फायलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ ही आज्ञा असा प्रोग्रॅम शोधून देते. तो थांबवून पुन्हा सुरू केला, की आकडा झटकन खाली येतो.

ही रचना गैरसोयीची वाटली तरी मी तिची बाजू घेईन. प्रोग्रॅम तात्पुरती फाइल उघडून लगेच तिचं नाव पुसू शकतो आणि निर्धास्त वापरू शकतो. मध्येच तो कोसळला तरी मागे कचरा राहत नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल अद्ययावत करताना जुनी आवृत्ती त्याच्या हातातून हिसकावली जात नाही, तेही यामुळेच.

कधी कधी जागा भरपूर असते आणि तरीही ‘जागा नाही’ असा संदेश येतो. एक्स्ट४ या प्रचलित फाइल-व्यवस्थेत आयनोडांची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, साधारणपणे दर १६ किलोबाइटला एक. चिमुकल्या फायलींचा ढीग साचला की ब्लॉक शिल्लक असताना आयनोड संपतात. ‘डीएफ’ला ‘आय’ हा पर्याय दिला की ती आयनोडांचा हिशेब दाखवते.

फायलींच्या संख्येनं मंगळावरही घात केला होता. नासाची स्पिरिट बग्गी जानेवारी २००४मध्ये तिथे उतरली, आणि २१ जानेवारीला तिच्याशी नीट संपर्क होईना. तिच्या २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरीत प्रवासापासूनच्या फायली साचल्या होत्या. फोल्डरांचा तक्ता कामाच्या मेमरीत ठेवला जाई, आणि फायली पुसल्या तरी तो तक्ता लहान होत नसे. अखेर मेमरी अपुरी पडली. संगणक पुन्हा सुरू होई, तोच तक्ता वाचायला जाई आणि पुन्हा अडके. फ्लॅशला हात न लावता सुरू हो, असा आदेश अभियंत्यांनी पाठवला, फायली काढल्या, फ्लॅश नव्यानं फॉरमॅट केली. बग्गीनं त्यानंतर २०१०पर्यंत काम केलं.

आपल्या लॅपटॉपवर ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ चालवून पाहायला काहीच धोका नाही, कारण दोन्ही आज्ञा फक्त वाचतात. मॅकवरही त्या आहेत. आधी ‘डीएफ’ला ‘एच’ पर्याय देऊन कोणता विभाग भरला ते पाहावं. मग त्या विभागाच्या मुळापासून ‘डीयू’ चालवावी, एकाच पातळीपर्यंत. सर्वांत मोठ्या फोल्डरमध्ये उतरावं, पुन्हा तेच करावं. ‘एक्स’ पर्याय विसरू नये, नाहीतर ती जोडलेल्या दुसऱ्या डिस्कही मोजत सुटते. व्यवस्थापकाचे अधिकार नसतील, तर बंद फोल्डर तिच्या बेरजेत येत नाहीत.

दोषी फोल्डर सापडल्यावर मात्र हात आवरावा. डेटाबेसच्या किंवा पॅकेज-व्यवस्थेच्या फोल्डरमधली फाइल केवळ मोठी आहे म्हणून हातानं पुसू नये. ज्या प्रोग्रॅमनं ती बनवली, त्याचीच सफाईची आज्ञा वापरावी. आणि चालू लॉग फाइल पुसण्याऐवजी ती जागच्या जागी रिकामी करावी. नाव राहतं, प्रोग्रॅम लिहीत राहतो, आणि ब्लॉक तिथल्या तिथे सुटतात.