शब्द एक, अर्थ उलटे

गेल्या वर्षी आमच्या शेजारचे चाचा उमऱ्याला निघाले. त्यासाठी त्यांनी कित्येक वर्षे पैपै साठवली होती. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी तो पाहायला अर्धी गल्ली जमली. चाचांचा नववीतला नातू पुढे झाला आणि पासपोर्टमधला इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचू लागला. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने त्यात एक विनंती छापलेली असते. या माणसाला मोकळेपणाने येऊ-जाऊ द्यावे, असा तिचा आशय असतो. वाचता वाचता ‘विदाउट लेट’ हे शब्द आले आणि मुलगा अडखळला. ‘विदाउट’ म्हणजे शिवाय, आणि ‘लेट’ म्हणजे तर परवानगी देणे!

“दादाजान, यात परवानगीशिवाय असं लिहिलंय,” तो म्हणाला.

चाचांचा चेहरा उतरला. “मास्तर, आता मला अडवतील का हो?” त्यांनी मला विचारले.

मुलाचे तरी काय चुकले? एल, ई, टी ही तीन अक्षरे तुम्ही लहानपणापासून वाचता. ‘लेट मी गो’ म्हणजे मला जाऊ दे. पण जुन्या इंग्रजीत ‘लेट’ ही दोन वेगळी क्रियापदे होती. एकाचा अर्थ होऊ देणे, सोडणे. दुसऱ्याचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे अडवणे. पूर्वी त्यांचे उच्चार वेगळे होते. पुढे ते झिजत झिजत सारखे झाले. फार मागे गेले तर दोघांचे मूळ एकच असावे, असे भाषेचे अभ्यासक मानतात. अडवणाऱ्या ‘लेट’चे जवळचे नाते मात्र ‘गाडी लेट झाली’ असे आपण म्हणतो त्या ‘लेट’शी आहे. माणसाला उशीर करायला लावणे म्हणजेच त्याला अडवून ठेवणे, नाही का?

हे तुम्हांला नवल वाटू नये. आमच्या शाळेत एक नवा मुलगा आला होता. मी त्याला मराठीत सांगितले, “बादली खाली ठेव.” त्याने बादलीतले सगळे पाणी ओतून दिले आणि रिकामी बादली माझ्यापुढे ठेवली! मराठीतले ‘खाली’ म्हणजे नीचे, आणि तुमच्या उर्दूतले ‘खाली’ अरबीतून आलेले, म्हणजे रिकामे. त्या मुलाने आपल्या भाषेप्रमाणे अगदी बरोबर काम केले होते.

आता या अडवणाऱ्या ‘लेट’ची सर्वांत प्रसिद्ध जागा पाहू. ती शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात आहे. हे नाटक सुमारे १६०० साली लिहिले गेले आणि १६०३ साली पहिल्यांदा छापले गेले. डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट मध्यरात्री किल्ल्याच्या तटावर उभा आहे. कडाक्याची थंडी आहे. त्याच्या मेलेल्या बापाचे भूत समोर येते आणि त्याला हाताने खूण करून एकीकडे बोलावते. हे भूत आपल्या राजपुत्राला समुद्राकडे नेईल, त्याला वेड लावील, अशी सोबत्यांना भीती वाटते. होरेशिओ आणि मार्सेलस त्याला धरून ठेवतात. तेव्हा हॅम्लेट संतापतो. जो कोणी आपल्याला ‘लेट’ करील त्याचेच भूत करण्याची तो धमकी देतो.

बी.ए.च्या परीक्षेत मला यावर प्रश्न आला होता. मला ‘लेट’चा एकच अर्थ ठाऊक होता. म्हणून मी लिहिले, की हॅम्लेट वरून शूर असला तरी मनातून घाबरलेला आहे. मित्रांनी आपल्याला सोडू नये, असे त्याला वाटते आणि जो सोडील त्याला तो मारण्याची धमकी देतो. चांगले पानभर लिहिले होते! सरांनी त्यावर आडवी लाल रेघ ओढली. एका क्रियापदाने मी जिवावर उदार झालेल्या मुलाला भित्रा करून टाकले होते. त्याला वाचवू पाहणारे मित्रही माझ्या उत्तरात उलटेच झाले होते.

गंमत अशी, की याच प्रवेशात थोड्या ओळी आधी हॅम्लेट भुताची विनवणी करतो. मला अंधारात ठेवू नकोस, सारे सांग, असे तो म्हणतो. तिथे तो ‘लेट’ हेच क्रियापद वापरतो, पण होऊ देण्याच्या अर्थाने. मग त्या काळच्या प्रेक्षकांना फरक कळत कसा असेल? मराठीकडे पाहा. आपण नुसते ‘मला दे’ म्हटले तर ऐकणारा विचारील, काय देऊ? ‘जाऊ दे’, ‘बोलू दे’ असे दुसरे क्रियापद जोडावे लागते. उर्दूतही ‘जाने दो’ असेच म्हणतात. इंग्रजीतल्या होऊ देणाऱ्या ‘लेट’लाही असाच जोडीदार लागतो. धमकीच्या ओळीत मात्र ‘लेट’नंतर फक्त ‘मला’ आहे, दुसरे क्रियापद नाही. परीक्षेत मी एवढे पाहिले असते, तर माझे गुण वाचले असते.

१६११ साली बायबलचे एक प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर निघाले. त्यातल्या एका पत्रात संत पॉल रोमच्या लोकांना कळवतो, की तुमच्याकडे यायचे मी पुष्कळदा ठरवले, पण आजवर ‘लेट’ झालो, म्हणजे अडवला गेलो. १८८१ च्या सुधारित भाषांतरात हा शब्द काढून तिथे अडवण्याचा दुसरा सोपा शब्द घातला. तोपर्यंत वाचकांचा गोंधळ होऊ लागला होता, हे उघड आहे.

असे उलट अर्थाचे दोन शब्द एकाच रूपात फार दिवस नांदत नाहीत. अडवणारे ‘लेट’ बोलण्यातून गेले. तरी दोन ठिकाणी ते अजून सापडते. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकोनात पडला, तर पंच ‘लेट’ म्हणतो आणि सर्व्हिस पुन्हा करायला लावतो. चेंडूला जाळीची अडवणूक झाली, असा त्याचा अर्थ. दुसरे ठिकाण म्हणजे कायद्याची भाषा. तिला शब्दांच्या जोड्या आवडतात. आपल्या ‘कागदपत्र’ शब्दात फारसी कागद आणि संस्कृत पत्र शेजारी बसले आहेत, तसे पासपोर्टमध्ये ‘लेट’ आणि ‘हिंड्रन्स’ शेजारी आहेत. दोन्ही म्हणजे अडथळा. त्याच पानावरच्या हिंदी मजकुरात त्या जागी ‘रोक-टोक’ आहे.

मी चाचांना ती हिंदी ओळ वाचून दाखवली. ‘बिना रोक-टोक’ हे शब्द ऐकताच त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पासपोर्ट रुमालात गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि जाता जाता वळून विचारले, “पण मास्तर, जेद्दाच्या विमानतळावरच्या अफसराला हे दुसरं ‘लेट’ ठाऊक असेल ना?”