आजी समोर आहे तोवर तिचे चित्र काढा

घरातले म्हातारे माणूस गेले की फोटोची शोधाशोध सुरू होते. ट्रंक उघडतात, पोथ्या चाळतात आणि शेवटी हाती लागतो तो आधार कार्डावरचा नखाएवढा फोटो. तोच मोठा करून भिंतीवर लावायचा. त्यात कपाळावरचे गोंदण दिसत नाही की डोळ्यांतली माया दिसत नाही. मोबाईलमध्ये लग्नाकार्याचे शंभर फोटो असतात, पण आजी त्यात कडेला, अर्धी.

वाचकहो, हे टाळणे आपल्या हाती आहे. शिसपेन्सिल, कागद आणि दोन-तीन निवांत सकाळी, एवढ्यावर घरच्या माणसाचे ओळखू येईल असे चित्र काढता येते. ‘मला कुठे चित्रकला येते?’ असे म्हणू नका. चेहरा चुकतो तो बहुधा हातामुळे नव्हे. समोरचे माणूस सोडून आपण मनातला चेहरा काढत बसतो, म्हणून चुकतो.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या एका सोनाराचा मुलगा, आल्ब्रेख्त ड्यूरर, पुढे थोर चित्रकार झाला. त्याच्या आईला अठरा मुले झाली होती. मार्च १५१४ मध्ये त्याने कोळशाने तिचे चित्र काढले. वय ६३, गाल बसलेले, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. त्याने काही झाकले नाही, काही सजवले नाही. दोनच महिन्यांनी ती वारली. आज ते चित्र बर्लिनच्या संग्रहालयात आहे. पाचशे वर्षांनंतरही ते पाहताना आपल्याच गल्लीतली एखादी म्हातारी आठवते.

सामान आणि बैठक

एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली, खोडरबर, ड्रॉइंगचा कागद आणि खाली धरायला पुठ्ठा एवढे पुरे. नाव शिसपेन्सिल असले तरी तिच्यात शिसे नसते; ग्राफाईट आणि चिकणमाती असते. माती जास्त तेवढी पेन्सिल कठीण व फिकी, ग्राफाईट जास्त तेवढी मऊ व काळी. घरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारे मूल असेल, तर हे सामान घरातच सापडेल.

आजीला ओसरीवर अशी बसवा की उजेड एकाच बाजूने येईल. सकाळच्या तिरप्या उन्हात नांगरलेल्या रानातले तास न् तास दिसते. भर दुपारी तेच रान सपाट वाटते. चेहऱ्याचेही तसेच आहे. तुम्ही तिच्याच उंचीवर, समोर बसा. वीस मिनिटांनी तिला पाय मोकळे करू द्या. गप्पा चालू ठेवा, म्हणजे चेहरा आखडत नाही.

आधी मापे, मग बारकावे

एचबी पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने अंड्यासारखा आकार काढा. उभी मधली रेघ आखा आणि बरोबर अर्ध्यावर आडवी रेघ. डोळे या आडव्या रेघेवर येतात. नवशिके डोळे हमखास वर काढतात आणि डोके चपटे होते. दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याएवढी जागा असते. कानाची वरची कड भुवईच्या ओळीत आणि पाळी नाकाच्या खालच्या टोकाच्या ओळीत येते.

पण ही मापे सर्वसाधारण. दात पडले की हनुवटी नाकाच्या जवळ येते, ओठ आत जातात. म्हणून प्रत्यक्ष मोजा. हात सरळ ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्या. गवंडी ओळंबा सोडतो तसा दोऱ्याला खडा बांधून समोर धरा. डोळ्याच्या कोपऱ्याखाली ओठाचा कोपरा येतो का, की थोडा आत, हे लगेच कळते. पहिली सकाळ मापांतच गेली तरी चालेल. मापे चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सुरकुती म्हणजे रेघ नव्हे

आता डोळे किलकिले करून पाहा. बारकावे पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे दिसतात. ते आधी २बीने भरा. सुरकुत्या ठळक रेघांनी काढल्या तर चेहरा तडकलेल्या मडक्यासारखा दिसतो. सुरकुती ही सरी-वरंब्यासारखी असते. वरंब्याच्या एका अंगाला उजेड, सरीत सावली, आणि सावली कडेला हळूहळू विरते. तशीच छटा द्या. ६बी शेवटी घ्या, तीही फक्त बुबुळ, नाकपुडी आणि ओठांमधल्या फटीसाठी. डोळ्यातला उजेडाचा ठिपका कोरा ठेवा; नजर त्यातच असते.

पांढरे केस काढायचे नसतात, सोडायचे असतात. मागची बाजू गडद केली की कोरा कागदच केस होतो. बोटाने घासू नका. घामाचे, तेलाचे डाग पडतात. हाताखाली कोरा कागद ठेवा.

माणूस आधीच गेले असेल, तर फोटोची झेरॉक्स मोठी करून घ्या. तिच्यावर आणि कागदावर सारख्या संख्येने चौकटी आखा आणि एकेक चौकट उतरवा.

चित्र झाल्यावर

खाली नाव, गाव, वय आणि तारीख जरूर लिहा. ग्राफाईट उजेडाने उडत नाही, पण कागदाला ओल आणि कसर लागते. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये जाड कागदाची चौकट घालून तसबीर करा. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा चुलीच्या धुरात ती टांगू नका.

पहिले चित्र जमले नाही तरी टाकून देऊ नका, दुसरे काढा. आजीचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे, हनुवटीवर जुन्या जखमेचा व्रण आहे, हे इतकी वर्षे एका घरात राहून दिसले नव्हते, ते एका सकाळीत दिसेल. ‘हा व्रण कसला गं आजी?’ असे विचारा. ती सांगू लागेल. तेही लिहून ठेवा.