मॅक्रो बंद पडणे (वर्ड प्रोसेसर)

वर्ड प्रोसेसरमध्ये वारंवार कराव्या लागणाऱ्या क्रियांची मालिका एका नावाखाली साठवून ती एखाद्या कळीने किंवा बटणाने पुन्हा घडवून आणणारी लहान आज्ञावली म्हणजे मॅक्रो होय. कालपर्यंत चालत असलेला मॅक्रो आज अचानक चालेनासा होणे ही या साधनाची सर्वांत परिचित तक्रार आहे. अशा वेळी मॅक्रो बिघडला असे वापरणाऱ्यास वाटते. परंतु मॅक्रोतील आज्ञा सामान्यतः जशाच्या तशा असतात आणि बदल झालेला असतो तो त्यांच्या भोवतालात. प्रणालीची आवृत्ती, सुरक्षेची मांडणी, फाइलचा प्रकार किंवा मजकुराचे संकेतन यांपैकी काहीतरी पालटलेले असते. मराठी मजकुराच्या बाबतीत यांतील शेवटचे कारण विशेष महत्त्वाचे ठरते. जुन्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी मॅक्रोंचा मोठा उपयोग होतो, आणि तेथे मॅक्रो अर्धवट चालला तर मूळ मजकूरच हातचा जाऊ शकतो.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या विंडोजसाठीच्या पहिल्या आवृत्तीपासून (१९८९) ‘वर्डबेसिक’ ही मॅक्रोंची भाषा उपलब्ध होती. वर्ड ९७ मध्ये तिची जागा ‘व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स’ या भाषेने घेतली. दरम्यान १९९५ मध्ये ‘कन्सेप्ट’ हा वर्डच्या फाइलींतून पसरणारा मॅक्रो-विषाणू आढळला. मार्च १९९९ मधील ‘मेलिसा’ हा विषाणू तर वापरणाऱ्याच्या ई-मेल पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना स्वतःच पत्र पाठवीत असे. मजकुराच्या फाइलीत आज्ञावली दडवता येते हे उघड झाल्यावर मॅक्रोंवर पहारा बसला आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो कडक होत गेला. निरुपद्रवी मॅक्रो बंद पडण्याचे पहिले कारण या पहाऱ्यात सापडते.

मॅक्रो सुरूच न होणे

वर्ड २००७ पासून फाइलींचे दोन प्रकार झाले. नेहमीच्या ‘डॉक्स’ प्रकारात मॅक्रो साठवता येत नाहीत. त्यासाठी ‘डॉकएम’ हा निराळा प्रकार, आणि साच्यासाठी ‘डॉटएम’. मॅक्रो असलेली फाइल साध्या प्रकारात जतन केली तर वर्ड एकदा सूचना देतो. सूचना न वाचता होकार दिला की मॅक्रो गळून पडतात. फाइल उघडते, मजकूर शाबूत दिसतो, आणि मॅक्रो गेल्याचे काही आठवड्यांनी लक्षात येते.

दुसरी गोष्ट २०२२ मधील. इंटरनेटवरून किंवा ई-मेलमधून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते. त्या वर्षापासून मायक्रोसॉफ्टने अशी खूण असलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्याचे धोरण आणले. त्याआधी पिवळ्या पट्टीवरील बटण दाबून मॅक्रो सुरू करता येत असे. आता लाल पट्टी येते आणि तिच्यावर तसे बटण नसते. फाइल खात्रीच्या व्यक्तीकडून आली असेल तर ती बंद करावी, तिच्या नावावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि खालच्या बाजूस असलेल्या ‘अनब्लॉक’ या चौकटीत खूण करावी. नेहमीच्या कामाच्या फाइलींसाठी एखादा फोल्डर ‘विश्वासू ठिकाण’ म्हणून नोंदवून ठेवणे अधिक सोयीचे. हीच फाइल पेनड्राइव्हवरून आणली तेव्हा चालली आणि ई-मेलने आली तेव्हा अडली, असा अनुभव येतो. त्याचे कारण असे की पेनड्राइव्हवर सामान्यतः असणाऱ्या ‘फॅट’ पद्धतीच्या मांडणीत ही खूण टिकत नाही.

सुरक्षेच्या मांडणीत ‘सर्व मॅक्रो चालू ठेवा’ असा एक पर्याय आहे आणि टंकलेखनाच्या दुकानांतून तो सर्रास सुचवला जातो. कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखा हा उपाय आहे.

स्वतः तयार केलेले मॅक्रो सर्वसाधारणपणे ‘नॉर्मल’ या नावाच्या मूळ साच्यात राहतात. हा साचा वापरणाऱ्याच्या दस्तऐवजांत नसून प्रणालीच्या एका लपलेल्या फोल्डरात असतो. संगणक नव्याने घडवताना (ज्याला बोलीत ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात) पत्रे, याद्या, छायाचित्रे यांची प्रत काढली जाते आणि हा साचा राहून जातो. नव्या वर्डमध्ये कोरा साचा तयार होतो. कळी दाबल्या तरी काहीच घडत नाही. जुन्या साच्याची प्रत असल्यास मॅक्रो परत मिळतात, नसल्यास ते पुन्हा लिहावे लागतात.

भ्रमणध्वनीवरील आणि ब्राउझरमधील वर्डमध्ये हे मॅक्रो चालत नाहीत. मॅकसाठीच्या ऑफिस २००८ मधूनही ही सोय काढून टाकली होती. २०११ च्या आवृत्तीत ती परत आली. ६४-बिट ऑफिसमध्ये विंडोजच्या अंतर्गत सेवांना साद घालणाऱ्या जुन्या घोषणा ‘पीटीआर-सेफ’ हा शब्द जोडल्याखेरीज स्वीकारल्या जात नाहीत, आणि मग मॅक्रो पहिल्याच ओळीवर थांबतो.

देवनागरी मजकूर आणि मॅक्रो

वरील अडचणी जगात सर्वत्र सारख्या आहेत. मराठीत काम करणाऱ्यास आणखी एक निराळी अडचण येते, ती म्हणजे मॅक्रो चालतो पण काम होत नाही.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा फाँट येण्यापूर्वी मराठी टंकलेखन ‘श्री-लिपी’, सी-डॅकची ‘आयएसएम’ प्रणाली, ‘कृतिदेव’ अशा साधनांनी होत असे. यांतील कृतिदेवासारख्या फाँटांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. फाँट त्याला देवनागरीचा पोशाख चढवतो. फाँट काढून घेतला की खाली निरर्थक रोमन अक्षरे दिसतात.

वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा या गावाचे नाव उदाहरणादाखल घेता येईल. कृतिदेवमध्ये ते नऊ रोमन अक्षरांनी साठते: एफ, डी, मोठा यू, जी, एच, जे, के, टी, के. ‘एफ’ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ‘डी’ म्हणजे क, मोठा ‘यू’ म्हणजे अर्धा न, आणि याप्रमाणे पुढे. युनिकोडमध्ये त्याच नावाचे दहा संकेतांक होतात, कारण अर्ध्या ‘न’साठी पूर्ण न आणि हलन्तचिन्ह असे दोन लागतात. शिवाय वेलांटीचा क्रम उलटतो: कागदावर ती ‘क’च्या आधी दिसते म्हणून जुन्या फाँटात ती आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’नंतर येते. रफाराचे याच्या बरोबर उलट आहे. ‘कर्म’ या शब्दात कृतिदेव रफार सर्वांत शेवटी ठेवतो, तर युनिकोडमध्ये तो ‘म’च्या आधी जावा लागतो. म्हणून रूपांतराचा मॅक्रो अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही. त्याला जागाही बदलाव्या लागतात.

या बदलांचा क्रम चुकला की हानी होते आणि ती नजरेस पडत नाही. कृतिदेवमध्ये ‘व्ही’ म्हणजे अ, ‘के’ म्हणजे काना आणि दोन्ही मिळून आ. मॅक्रोने आधी सुटी अक्षरे बदलली तर ‘आ’च्या जागी अ आणि काना असे दोन संकेतांक उरतात. पडद्यावर ते बऱ्याचदा ‘आ’सारखेच दिसतात, छपाईतही खपून जातात; पण ‘आई’ हा शब्द शोधला तर सापडत नाही आणि अकारविल्हे यादीत तो भलत्याच जागी बसतो. लांब जोड्या आधी आणि सुटी अक्षरे नंतर हा नियम अशा मॅक्रोत मोडता येत नाही.

वर्डच्या मॅक्रो-संपादकाचीही एक जुनी मर्यादा आहे. दस्तऐवजाच्या पानावर युनिकोड देवनागरी चालते, पण मॅक्रो लिहिण्याच्या खिडकीत चालत नाही. कोणी तयार मॅक्रो तेथे चिकटवला तर त्यातील प्रत्येक देवनागरी अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. असा मॅक्रो विनातक्रार चालतो आणि मजकुरात प्रश्नचिन्हे भरतो. शोधताना ‘वाइल्डकार्ड’चा पर्याय चालू असेल तर धोका आणखी वाढतो, कारण तेथे प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा घेतला जातो आणि सगळा मजकूर पुसला जाऊ शकतो. यावर उपाय म्हणजे मॅक्रोत अक्षर न लिहिता ‘सीएचआर-डब्ल्यू’ या फलनाला त्याचा संकेतांक द्यावा: क साठी २३२५, अ साठी २३०९. देवनागरीचा युनिकोडमधील गट २३०४ ते २४३१ असा आहे. वाचायला हे कंटाळवाणे आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. लिबरऑफिसच्या संपादकात मात्र देवनागरी अक्षरे थेट लिहिता येतात.

युनिकोडमध्ये आलेला मजकूरही सर्वत्र एकसारखा नसतो. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे ‘शून्य-रुंदी जोडक’ हे अदृश्य चिन्ह. दोन्ही रूपे दिसायला सारखी. त्यांपैकी एकाच रूपाचा शोध घेणारा मॅक्रो दोनशे पानांच्या दस्तऐवजात काही शेतकरी गाठतो आणि काही सोडून देतो. ‘ॲ’चेही तसेच आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र मिळून झालेला असतो. अंकांसाठी ० ते ९ अशी रोमन व्याप्ती दिलेला मॅक्रो देवनागरी अंक ओलांडून पुढे जातो.

फाँट बदलणाऱ्या मॅक्रोंची तक्रार याहून साधी आहे. वर्ड आणि लिबरऑफिस या दोहोंत रोमन आणि ‘जटिल’ लिप्यांसाठी फाँट, आकार आणि ठळकपणा यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि देवनागरी दुसऱ्या गटात मोडते. मॅक्रोने पहिल्या नोंदीत बदल केला तर इंग्रजी शब्द तेवढे बदलतात. वर्डच्या मॅक्रोत ‘नेम’ ऐवजी ‘नेम-बीआय’, ‘साइज’ ऐवजी ‘साइज-बीआय’ अशी जोड दिली की देवनागरीवर परिणाम होतो.

निदान

दोष शोधण्यापूर्वी फाइलची प्रत काढावी आणि मॅक्रो त्या प्रतीवरच चालवून पाहावा. मॅक्रोने केलेले शेकडो बदल ‘अनडू’ने एकेक करून मागे घेणे फार वेळ खाते.

वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ-८ या कळी एकत्र दाबल्यास मॅक्रोंची यादी येते. यादीत नावच नसेल तर मॅक्रो हरवला आहे; फाइलचा प्रकार आणि साचा पाहावा. नाव आहे पण चालवू दिले जात नाही, तर सुरक्षेची मांडणी पाहावी. यादीतून चालतो आणि कळीने चालत नाही, तर ती कळ दुसऱ्या आज्ञेने किंवा मराठी टंकलेखनाच्या एखाद्या साधनाने बळकावलेली असते. चालतो पण मध्येच थांबतो, अशा वेळी ऑल्ट आणि एफ-११ दाबून संपादक उघडावा. तेथे एफ-८ ही कळ एकेक ओळ चालवते आणि कोणत्या ओळीवर अडते ते दिसते. ‘टूल्स’ मधील ‘रेफरन्सेस’ या यादीत एखाद्या नावापुढे ‘मिसिंग’ असे दिसल्यास जुन्या संगणकावरील एखादे ग्रंथालय नव्या संगणकावर नाही असे समजावे. अशा वेळी अगदी साध्या फलनांवरही त्रुटी दाखवली जाते आणि शोधणारा भलत्याच ओळीत अडकून पडतो.

त्रुटी न दाखवता चालणारा मॅक्रो तपासणे अवघड असते. त्यात ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ असेल तर ती तात्पुरती काढावी, कारण तिच्यामुळे प्रत्येक त्रुटी गिळली जाते. शोधा-बदलाच्या चौकटीत आधीच्या शोधाचे ठळकपणासारखे निकष उरलेले असतात आणि मॅक्रो नकळत तेच वापरतो. सकाळी चाललेला मॅक्रो दुपारी काहीच सापडत नाही म्हणतो तो बऱ्याचदा यामुळे. तळटीपा, शीर्षपट्टी आणि मजकूरचौकटी या वर्डच्या दृष्टीने मुख्य मजकुराच्या बाहेर असतात आणि त्यांवर मॅक्रो वेगळा चालवावा लागतो. रूपांतरित पुस्तकात तळटीपा तेवढ्या रोमन अक्षरांत राहिलेल्या दिसतात, त्या यामुळेच.

मजकूर कोणत्या संकेतनात आहे हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पडद्यावर ‘क’ दिसणारे एक अक्षर निवडावे आणि संपादकातील ‘इमिजिएट’ खिडकीत ‘एएससी-डब्ल्यू’ या फलनाने त्याचा संकेतांक छापून घ्यावा. २३२५ आल्यास मजकूर युनिकोडमध्ये आहे. १०० आल्यास ते लहान रोमन ‘डी’ आहे, म्हणजे मजकूर कृतिदेवसारख्या फाँटात आहे. याहून निराळा अंक आला तर फाँटची जुळणी निराळी आहे आणि कृतिदेवसाठी लिहिलेला मॅक्रो त्यावर चालवू नये. तसे केल्यास अर्थहीन पण अस्सल देवनागरी अक्षरे तयार होतात. फाँट बदलून तीत मूळ मजकूर दिसत नाही, आणि मूळ फाइल जपली नसेल तर तो परत मिळवता येत नाही.

अन्य प्रणाली

लिबरऑफिस रायटरमध्ये मॅक्रोंची स्वतःची बेसिक भाषा आहे. वर्डसाठी लिहिलेल्या मॅक्रोंना तेथे अंशतः आधार मिळतो. परिच्छेद, फाँट आणि शोध यांच्याशी संबंधित भाग बहुधा पुन्हा लिहावा लागतो. सुरक्षेची पातळी मुळात ‘उच्च’ ठेवलेली असल्यामुळे दस्तऐवजासोबत आलेला मॅक्रो, त्याला विश्वासू स्वाक्षरी नसेल किंवा फाइल विश्वासू ठिकाणी नसेल, तर चालत नाही. देवनागरीसाठी लिबरऑफिसच्या पर्यायांत जटिल लिप्यांची सोय चालू असावी लागते, आणि मॅक्रोत फाँटच्या नावासाठी ‘कॅर-फाँट-नेम-कॉम्प्लेक्स’ हा गुणधर्म वापरावा लागतो.