प्राणी पालटला, मीठ तेच

डुकराच्या पोटाकडील मांस मिठात मुरवून व धुरी देऊन केलेले बेकन, त्याच्या मांडीचे हॅम, मिरेधण्याने माखलेली गोमांसाची पॅस्ट्रामी आणि आतड्यात भरून वाळवलेली सलामी हे युरोप-अमेरिकेतील न्याहारीचे व दुपारच्या खाण्याचे पिढ्यानपिढ्यांचे जिन्नस होत; परंतु संपृक्त मेद आणि हृदयरोग यांचा संबंध वैद्यकाने जसजसा उलगडून दाखवला, तसतशी अमेरिकेतील मांसव्यवसायाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांपैकी प्रत्येकाच्या जागी टर्की पक्ष्याच्या मांसाचा, कमी मेदाचा पर्याय बाजारात आणण्याची तजवीज केली, आणि आज तेथील मोठ्या दुकानांत टर्कीचे बेकन, टर्कीचे हॅम, टर्कीची पॅस्ट्रामी व पिझ्झावर घालावयाची टर्कीची पेपरोनी ही सर्व मंडळी मूळ जिनसांच्या शेजारीच मांडलेली असतात. डुकराचे वा गाईचे मांस धर्माने किंवा रूढीने वर्ज्य मानणाऱ्यांचीही यामुळे सोय झाली. ही सोय स्वागतार्हच आहे. मात्र तिच्या पाठोपाठ असा एक समज दृढ झाला की टर्कीचे ते सारे निरोगी, आणि म्हणून ते कितीही खाल्ले तरी चालते. मुंबई-पुण्यात चिकन सलामी व चिकन सॉसेज यांच्याविषयी नेमका हाच समज ऐकू येतो. तो अंशतः खरा आहे, आणि अंशतः खरा असल्यामुळेच अधिक दिशाभूल करतो; म्हणून त्यातील खरे किती व खोटे किती, याची बाबवार छाननी करणे अगत्याचे वाटते.

टर्कीचे बेकन म्हणजे पक्ष्याच्या छातीचे पातळ कापलेले मांस, अशी पुष्कळांची कल्पना असते. डुकराच्या पोटाकडील भागात मांस आणि चरबी यांचे थर निसर्गतःच एकावर एक असतात, आणि तेथून कापलेल्या प्रत्येक पट्टीत ते जसेच्या तसे उतरतात. टर्कीच्या शरीरात असा भागच नाही. तेव्हा कारखान्यात मांडीचे गडद मांस व छातीचे फिके मांस वेगवेगळे बारीक करून, त्यांत मीठ, साखर, पाणी, मसाले व खारवण्याची रसायने मिसळून, त्यांचे थर एकमेकांवर दाबून बसवतात, ती लादी शिजवतात, तिला धुरी किंवा धुराचा अर्क देतात, आणि मग तिच्या चकत्या पाडतात. जी फिकी रेघ पाहून आपल्याला चरबीचा भास होतो, ती बहुधा फिक्या मांसाची असते. मेद काढून घेतल्यावर मांस कोरडे पडते म्हणून काही उत्पादक पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट क्षार आणि स्टार्चही घालतात. टर्कीच्या हॅमविषयी अमेरिकेचा सरकारी शिरस्ता स्पष्ट आहे: ते कातडी व वरची चरबी काढलेल्या मांडीच्याच मांसाचे असले पाहिजे. म्हणजे ज्याला आपण छातीचे शुभ्र मांस समजतो, ते तेथे नसतेच. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही, कारण हा सारा मजकूर वेष्टनावर छापलेला असतो. परंतु हा पदार्थ साध्या भाजलेल्या टर्कीहून फार वेगळा आहे, हे ध्यानात ठेवल्यावाचून पुढचा हिशेब जुळत नाही.

आता मेदाकडे वळू, कारण या पर्यायाचा मुख्य दावा तोच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणसारणीत शिजवलेल्या डुकराच्या बेकनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४२ ग्रॅम मेद व ५४० कॅलरी, तर शिजवलेल्या टर्कीच्या बेकनमध्ये सुमारे २८ ग्रॅम मेद व ३८० कॅलरी नोंदलेल्या आहेत. मेद एक तृतीयांशाने घटला, ही तफावत क्षुल्लक नव्हे, आणि ज्याला रोज सकाळी बेकन लागतेच त्याच्या जमाखर्चात ती निश्चित जमेच्या बाजूला पडेल. परंतु ‘मेदविरहित’ हे विशेषण या पदार्थाला लागू पडत नाही. ज्याच्या वजनाचा चतुर्थांशाहून अधिक भाग मेद आहे त्याला तसे म्हणणे योग्य होणार नाही. उत्पादकागणिक हे आकडे बदलतात, काही प्रकारांत मेद खरोखरच फार थोडा असतो, आणि वेष्टनावरचा आकडा किती चकत्यांचा आहे हे न पाहता दोन पाकिटांची तुलना केली तर ती पुष्कळदा एका जाड चकतीची दुसऱ्या पातळ चकतीशी केलेली तुलना ठरते. शिवाय डुकराचे बेकन तव्यावर स्वतःचीच चरबी सोडते व तीत तळले जाते, आणि ती निथळून टाकता येते. टर्कीचे बेकन तव्याला चिकटते म्हणून स्वयंपाकी वरून तेल किंवा लोणी घालतो, आणि पाकिटावर ज्याचा हिशेब नाही असा मेद मागल्या दाराने ताटात येतो.

याच संदर्भात पारंपरिक मांसाविषयीचा उलट गैरसमजही दूर केला पाहिजे. डुकराची चरबी ही केवळ संपृक्त मेदाची रास आहे, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः तिच्यातील सुमारे ४० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात, आणि त्यांहून थोडा मोठा वाटा ऑलिव्हच्या तेलात विपुल आढळणाऱ्या ओलिक अम्लादी एकअसंपृक्त मेदाम्लांचा असतो. ती पथ्यकर आहे असा याचा अर्थ नाही, पण तिची केली जाते तितकी निंदाही यथार्थ नाही. इटलीतील पार्मा प्रांतीचे हॅम घ्या: डुकराची मांडी आणि मीठ यांखेरीज त्यात काहीही नसते, ते वर्षाहून अधिक काळ हवेत मुरते, आणि त्याच्या कापाभोवतीची चरबीची पांढरी किनार खाणाऱ्याला सुरीने सहज वेगळी करता येते. जो मेद डोळ्यांना दिसतो तो टाळता येतो. बारीक करून मिसळलेल्या मांसातला मेद, मग तो कोणत्याही प्राण्याचा असो, टाळण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या हाती उरत नाही.

परंतु मेदाचा हा सारा वाद माझ्या मते गौण आहे. ज्या सारणीचा वर उल्लेख केला तिच्यातच सोडियमचा रकाना पाहावा: डुकराच्या बेकनच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २३०० मिलिग्रॅम, आणि टर्कीच्या बेकनमध्येही जवळजवळ तितकेच. यात नवल काहीच नाही, कारण खारवणे म्हणजेच मिठाने मांसातील पाणी व त्यासोबत जंतूंची वाढ यांना आवर घालणे. प्राणी पालटला म्हणून त्या क्रियेचा मक्ता मिठाकडून काढून घेता येत नाही, आणि मेद कमी झाल्याने गेलेली चव भरून काढण्यास उत्पादकाजवळ मिठाइतके स्वस्त साधन दुसरे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी घालून दिलेली मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ, एवढी आहे. तीन चकत्यांचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅमचे, टर्कीचे बेकन खाल्ले की त्या मर्यादेचा पाव हिस्सा न्याहारीलाच खर्ची पडतो. आणि पाव, चीज, सॉस यांचे मीठ अद्याप मोजावयाचे राहिलेलेच असते. ज्या मराठी घरात दुपारच्या जेवणाला लोणचे, पापड आणि खारातली मिरची यांची हजेरी चुकत नाही, तेथे या पाव हिश्शाचे वजन किती होते हे निराळे सांगावयास नको. रक्तदाबाच्या रुग्णाने केवळ मेदाच्या आकड्यावर विसंबून टर्कीचे बेकन निर्धास्तपणे स्वीकारावे, यासारखा मनाला चटका लावणारा घोटाळा दुसरा नाही, कारण तो माणूस पथ्य पाळण्याच्या प्रामाणिक इच्छेपोटीच अपथ्य करीत असतो.

मिठाच्या पाठोपाठ नायट्राइट येते, आणि येथे गैरसमजांची दाटी सर्वांत अधिक आहे. मांस खारवताना पूर्वी सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वापरीत. १८९१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ पोलेन्स्के याने खारवण्याच्या पाण्यात नायट्रेटाचे नायट्राइट होते असे दाखवले, १९०१ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन याने नायट्राइटापासून निर्माण होणारा नायट्रिक ऑक्साइड मांसातील लोहयुक्त रंगद्रव्याशी संयोग पावतो म्हणूनच शिजल्यावरही हॅम गुलाबी राहते असा उलगडा केला, आणि १९२५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने नायट्राइटाच्या प्रत्यक्ष वापरास परवानगी दिली. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या प्राणघातक विष निर्माण करणाऱ्या जंतूची वाढ नायट्राइट रोखते, हा त्याचा मोठा उपकार आहे, आणि तो विसरून त्याला केवळ विष ठरवणे हा एक गैरसमजच होय. दुसरी बाजू अशी की तीव्र आचेवर, आणि काही अंशी पोटातही, मांसातील अमाइनांशी त्याचा संयोग होऊन नायट्रोसामाइने तयार होतात, व त्यांतील कित्येक कर्कजनक आहेत. ही संयोगक्रिया दबावी म्हणून अमेरिकेत बेकनमध्ये नायट्राइटासोबत क जीवनसत्त्वाच्या वर्गातील क्षार घालण्याचा दंडक आहे. टर्कीच्या फिक्या मांसाला हॅमसारखा गुलाबी रंग येतो तो याच नायट्राइटाच्या योगाने. त्या रंगाचा अर्थ ताजेपणा असा लावू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस मानवास कर्कजनक असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हा तंबाखू ज्या वर्गात आहे त्याच वर्गात बेकन गेल्यामुळे दोन्ही सारखेच घातक, अशी हाकाटी झाली. तो वर्ग पुराव्याच्या भक्कमपणाचा आहे, धोक्याच्या प्रमाणाचा नव्हे. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा संस्थेचा अंदाज आहे; म्हणजे समजा शंभरांपैकी पाच जणांना तो आयुष्यात होणार असेल, तर ती संख्या सहाच्या आसपास जाईल. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या निष्कर्षातील महत्त्वाची बाब निराळीच आहे: ‘प्रक्रिया केलेले मांस’ या संज्ञेत मीठ, खारवण, आंबवण वा धुरी यांनी रूपांतरित केलेले कोणतेही मांस येते, आणि त्यात पक्ष्यांचे मांसही असू शकते, असे संस्थेने स्पष्ट केले आहे. टर्कीत लाल मांसातले लोहयुक्त रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे हानीचा एक संभाव्य मार्ग अरुंद होतो हे न्यायाने मान्य केले पाहिजे. परंतु नायट्राइट व धूर यांचे मार्ग खुलेच राहतात.

‘अनक्युअर्ड’, म्हणजे न खारवलेले, असे ठळक अक्षरांत लिहिलेले टर्कीचे बेकन घेऊन अनेक सुशिक्षित गिऱ्हाइके निश्चिंत होतात. त्याच वेष्टनावर बारीक अक्षरांत, सेलरीच्या चूर्णात नैसर्गिकरीत्या असलेल्या नायट्राइटांव्यतिरिक्त दुसरे घातलेले नाही, अशा आशयाची ओळ असते. सेलरी ही नायट्रेटाने समृद्ध भाजी. तिच्या रसातील नायट्रेटाचे जंतूंच्या साहाय्याने नायट्राइट करून तेच मांसात घालतात. त्याचा रेणू कारखान्यातल्या नायट्राइटाच्या रेणूहून तिळमात्र भिन्न नसतो. पालक व बीट यांतही नायट्रेट असतेच, मग चिंता कशाची, असा युक्तिवाद यावर केला जातो. पण भाजीसोबत क जीवनसत्त्व व तंतू येतात आणि मांस येत नाही, हा फरक त्या युक्तिवादात सोयीस्करपणे गाळला जातो. आपल्याकडील पाकिटांवर इतका शब्दच्छल सहसा नसतो. चिकन सलामीच्या घटकांच्या यादीत आय.एन.एस. २५० हा क्रमांक दिसला की ते सोडियम नायट्राइट होय, आणि २५१ व २५२ हे अनुक्रमे सोडियम व पोटॅशियम यांचे नायट्रेट होत, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

पक्ष्याचे मांस खारवणे हे आधुनिक अमेरिकेने काढलेले खूळ आहे, अशी तक्रार परंपराभिमानी खवय्ये करतात, ती इतिहासाला धरून नाही. डुक्कर वर्ज्य असलेल्या युरोपातील यहुद्यांनी हंसाच्या मांसाची सलामी शतकांपूर्वी रूढ केली, लोंबार्डीतील मोर्तारा गाव तिच्यासाठी आजही प्रसिद्ध आहे, आणि चिनी पाकशास्त्रात खारवून वाळवलेल्या बदकाला मानाचे स्थान आहे. खुद्द टर्की पक्षीही आपल्या भूमीला अगदी अनोळखी नव्हे: मुकर्रबखानाने १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नेलेल्या नवलाईच्या वस्तूंत तो होता, आणि उस्ताद मन्सूरने त्याचे काढलेले देखणे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

टर्कीचे शिजवलेले काप जंतूंच्या बाबतीत अधिक सुरक्षित, ही समजूतही निराधार आहे. २००२ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात लिस्टेरिया जंतूच्या साथीत माणसे दगावली, तेव्हा टर्की व कोंबडी यांचे सुमारे सव्वा कोटी किलो तयार मांस बाजारातून परत मागवावे लागले. हा जंतू शीतकपाटातल्या थंडीतही वाढतो, व गर्भवती स्त्रियांना आणि गर्भाला त्याच्यापासून विशेष भय असते. त्यांनी असे काप ७४ अंश सेल्सियसपर्यंत, वाफा निघेतो, गरम केल्याशिवाय खाऊ नयेत.

मग ज्याला मेद व मीठ दोन्ही कमी हवेत त्याने काय करावे? त्याने टर्कीची किंवा कोंबडीची कातडी काढलेली ताजी छाती घरी भाजावी. तीत १०० ग्रॅमला जेमतेम दोन ते चार ग्रॅम मेद असतो, नायट्राइट नसते, आणि मीठ आपल्या चिमटीच्या हुकमतीत राहते. मिरे, धणे, मोहरीची पूड व लसूण यांनी माखून ती मंद आचेवर भाजली, की पॅस्ट्रामीच्या मसाल्याचा पुष्कळसा स्वाद तिला येतो. धुरीचा गंध हवाच असेल तर भाजलेल्या लाल मिरचीची पूड उपयोगी पडते. आणि ज्याला खऱ्या खारवलेल्या मांसाचीच चव हवी, त्याने नकली जिन्नस ताटभर घेण्यापेक्षा अस्सल जिन्नस क्वचित व मसाल्याच्या प्रमाणात घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात मिरची, लसूण व माडाच्या ताडीचा शिरका यांत मुरलेल्या चोरीसचे, म्हणजे तेथील डुकराच्या मांसाच्या सॉसेजचे, चारदोन मणी पातेलेभर पुलावाला पुरतात, कारण तिची चरबी वितळून भाताच्या प्रत्येक शितापर्यंत पोचते. त्या पुलावात वेगळे मीठ घालण्यापूर्वी चोरीस शिजू द्यावी आणि पाणी चाखून पाहावे, म्हणजे बहुधा ते घालावे लागत नाही. भाजलेल्या छातीचे काप मात्र तीनचार दिवसांपलीकडे शीतकपाटात ठेवू नयेत, कारण ज्या मिठाने व नायट्राइटाने ते अधिक टिकले असते, तेच आपण वगळलेले असते.