वर्किंग मेमरी : स्वरूप आणि परीक्षण

‘हल्ली काही लक्षातच राहत नाही,’ असे रुग्णाने म्हणताच आपला हात ब्राह्मीकडे वळतो. आमचाही वळत असे. साठी उलटलेल्या एका गृहस्थांना आम्ही चूर्ण, गोळ्या, काढा, अभ्यंग आणि पथ्य अशा पाच सूचना एका दमात दिल्या. आठवड्याने पाहतो तो गोळ्या जेवणानंतर, काढा एकदाच. मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा पगार त्यांना बिनचूक आठवत होता!

दृष्ट, श्रुत व अनुभूत विषयांचे स्मरण म्हणजे स्मृती, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे. येथे प्रश्न निराळा होता. आताच ऐकलेले काही क्षण मनात धरून त्यावर काम करण्याची क्षमता म्हणजे वर्किंग मेमरी. बॅडली व हिच यांनी १९७४ साली तिची सविस्तर मांडणी केली. तिलाच धृती म्हणावे असे काहींना वाटेल. आम्हांस ते समीकरण घाईचे वाटते. मनात उजळणीला वाव नसेल, तर प्रौढ व्यक्तीस एका वेळी सुमारे चारच घटक धरता येतात, असे कोवान यांनी २००१ मध्ये दाखविले. आमच्या सूचना पाच होत्या.

परीक्षणास दोन-चार मिनिटे पुरतात. सेकंदास एक या गतीने, एकसुरात, सुटे अंक म्हणावेत. फोन नंबरासारखे जोड पाडू नयेत. तीन अंकांपासून आरंभ करून प्रत्येक लांबीस दोन संधी द्याव्यात. दोन्ही चुकल्या की थांबावे. नंतर तेच उलट क्रमाने: ५-८-२ ऐकून रुग्णाने २-८-५ म्हणावे. खरी परीक्षा ही उलट क्रमाचीच. तीत एक-दोन अंक कमी येणे स्वाभाविक आहे.

मात्र आधी कान तपासावेत. निद्रानाश, चिंता, थायरॉईडचे विकार, बी-१२ ची न्यूनता यांनीही अंक घटतात. अल्पशिक्षितांचे मूळचेच कमी असू शकतात. यावरून स्मृतिभ्रंशाचे निदान करू नये. अचानक गोंधळ उडाल्यास मात्र रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आणि ब्राह्मी? ऑस्ट्रेलियात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन महिन्यांच्या चाचणीत नव्याने शिकलेले टिकण्यास तिचा लाभ दिसला; शिकण्याचा वेग वाढला नाही. औषधविक्रेत्यांनी बाटली देताना हा भेद ग्राहकास अवश्य सांगावा.

त्या गृहस्थांचे उलट अंक चार आले, म्हणजे वयाला साजेसेच. आम्ही औषध बदलले नाही. प्रत्येक पुडीवर वेळ व अनुपान ठळक लिहिले आणि निघण्यापूर्वी त्यांच्याच तोंडून सर्व वदवून घेतले. पुढच्या खेपेस काढा दोन्ही वेळा घेतलेला होता.